तेच नाव पुन्हा

आमच्या अमेरिकेतल्या बाईंचा मूळपुरुष सात महिन्यांचा असतानाच वारला होता, आणि ही बातमी त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

ज्याच्यापासून आपण झालो तो पाळण्यातच गेला, हे कुणाला कसं सांगायचं? त्यात बाई शहात्तर वर्षांच्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगितली जात होती. चारशे वर्षांपूर्वी, अगदी सुरुवातीच्या जहाजांपैकी एका जहाजातून त्यांचा पूर्वज इंग्लंडहून अमेरिकेत उतरला, जंगल तोडून त्याने जमीन केली आणि तिथून पुढे सगळं गोत वाढलं. अमेरिकेतल्या सगळ्या पिढ्या बाईंनी स्वतः कागदपत्रं जमवून जुळवल्या होत्या. त्यांना हवं होतं ते त्याच्या मागचं. तो कुठल्या गावचा, त्याचे आईबाप कोण, घर कसलं. ते शोधायचं काम त्यांनी अंधेरीच्या एका कंपनीला दिलं, कंपनीने ते मला दिलं, आणि मी मुलुंड पूर्वेला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लॅपटॉपवर इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या चर्चची जुनी वही वाचत होते.

मला हे काम कसं मिळालं ते सांगते. तीस वर्षं मी जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत खिडकीवर काढली. त्याच रांगेत कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा असायचा आणि त्याच्या मागे कुणी डोळे सुजलेला. मी दोघांनाही एकाच आवाजात विचारायचे, “आईचं नाव?” लोक मला खडूस म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावर कचेरीतल्या मैत्रिणीची मुलगी भेटली. ती अंधेरीच्या त्या कंपनीत टीम लीडर आहे. ती म्हणाली, “मावशी, तुम्हाला घाणेरडं अक्षर वाचता येतं ना? मग माझ्याकडे या.” आयुष्यभर डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या बाईला पाद्र्याच्या अक्षराचं काय भय. तरी सुरुवातीचे तीन महिने डोळ्यांची पार वाट लागली. त्यांचं वर्ष तेव्हा जानेवारीत नाही, मार्चच्या शेवटी बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. हे कळेपर्यंत माझ्या हिशेबात दोन माणसं जन्मायच्या आधीच मेली होती.

तर हा मुलगा. वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदी एका बाजूला होत्या आणि दफनाच्या दुसऱ्या बाजूला. बाप्तिस्म्याच्या पानावर मला बाईंच्या पूर्वजाचं नाव सापडलं. आडनाव जुळत होतं. बाप गाड्यांची चाकं करणारा सुतार होता, बाईंच्या कागदांतला माणूसही अमेरिकेत तेच काम करायचा, म्हणजे तेही जुळत होतं. मी खूश झाले. मग सवयीने दफनाची पानं चाळली, आणि सात महिन्यांनंतरच्या तारखेला तेच नाव, तोच बाप, आणि पुढे एक छोटा शब्द, तान्हं बाळ असा. मी चहाचा कप खाली ठेवला.

त्याच दुपारी मी रिपोर्ट लिहिला. मुलगा बालपणी वारला, सबब या घराशी आपल्या माणसाचा संबंध नाही, दुसरं गाव शोधावं. पुढची पानं उलटायची मला गरजच वाटली नाही. मेलेला मुलगा अमेरिकेला जात नाही, एवढं साधं गणित होतं ते.

त्याच दिवसांत घरात सून पाचव्या महिन्यात होती.

घरात आम्ही तिघं, मुलगा, सून आणि मी. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सकाळी साडेआठला निघायचा तो थेट संध्याकाळी यायचा. सुनेला डॉक्टरांनी सांगितलं होतं, वार खाली आहे, जास्त हालचाल नको, जिने तर अजिबात नकोत. त्यामुळे ती ऑफिसचं काम घरून करायची आणि दिवसभर आम्ही दोघीच असायचो. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि तिथे पायासाठी पायलिंग चालू होतं. सकाळी नऊपासून धप्प, धप्प. कपाटातल्या बरण्या हलायच्या. प्रत्येक धप्पाला सुनेचा हात आपोआप पोटावर जायचा आणि मी ते न बघितल्यासारखं करायचे.

आम्ही डोहाळजेवण केलं नाही. बाळाचं काही म्हणजे काही आणलं नाही, टोपरंसुद्धा नाही. शेजारणीने चौकशी केली तर मी तिला वाटेवरूनच कटवायचे. कारण हे पहिलं नव्हतं.

पहिला दोन वर्षांपूर्वी झाला होता, बोरिवलीला, तिच्या माहेरी. दिवस पूर्ण भरलेले, वजन चांगलं, पण हृदयात दोष होता. नऊ दिवस तो काचेच्या पेटीत होता. सुनेने नाव सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं, मुलगा झाला तर हे. त्या पेटीला बाजूला गोल भोकं असतात. ती त्यातून हात घालायची, त्याच्या पायाला बोट लावायची आणि त्या नावाने त्याच्याशी बोलायची. नवव्या दिवशी तो गेला. आमच्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. माझा मुलगा आणि तिचे वडील जाऊन ते करून आले.

फॉर्म मी भरले. दोन्ही, जन्माचा आणि मृत्यूचा, एकाच पेनाने, त्यांच्या हॉलमधल्या टीपॉयवर. तीस वर्षं ज्या कामाचा मला कंटाळा होता ते काम तेव्हा मी अंगावर ओढून घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं. नावाच्या रकान्यापाशी मी थांबले. सून सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने तिथूनच नाव सांगितलं. मी म्हटलं, “बारसं झालेलं नाही गं. बारशाआधी नाव पडत नाही. असं लिहायची पद्धत नाही.” आणि मी तिचं नाव लिहून पुढे ‘यांचं बाळ’ असं लिहिलं. खरं सांगायचं तर नाव लिहिता आलं असतं. नियम माझ्याइतका कुणाला माहीत होता? पण मेलेल्या पोराला नाव चिकटवायला माझा हात धजला नाही, आणि ती भीती मी नियमाच्या आड लपवली.

आता या खेपेला तिने बाळंतपण सासरीच करायचं ठरवलं होतं. माहेरचं ते हॉस्पिटल नको, ते घर नको, म्हणाली. म्हणजे या वेळी सगळं माझ्या पदरात होतं.

एके दुपारी आम्ही गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. ती म्हणाली, “आई, मुलगा झाला तर नाव तेच ठेवायचं.”

“कुठलं तेच?” मी विचारलं. कुठलं ते मला बरोबर कळलं होतं.

तिने नाव उच्चारलं. दोन वर्षांत आमच्या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने घेतलं. शेंग हातात तशीच राहिली.

मी स्वतःला देवभोळी समजत नाही. उपासतापास मी कधीच सोडले. पण माझे वडील मला आठवतात. गिरणीत साच्यावर काम करायचे. मूळचे मालवणकडचे. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून ते जन्मले तेव्हा आजीने त्यांना सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं आणि मूठभर तांदूळ देऊन परत घेतलं, म्हणजे हे आमचं नव्हे, विकत आणलेलं. नाव ठेवलं ते दगडाचं, कुणाला मोह पडू नये असं. आणि नाक टोचलं, मुलीसारखं. लालबागच्या आमच्या खोलीत ते आरशासमोर दाढी करायचे तेव्हा नाकपुडीवरचं ते भोक मला दिसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “असू दे गो. त्यामुळेच वाचलंय मी.” थट्टा करत होते का, मला आजही सांगता येणार नाही. अशा घरातली मी. आमच्यात गेलेल्या पोराचं नाव दुसऱ्याला ठेवणं सोडाच, ते नाव शेजारच्या घरात कुणाचं असलं तरी बायका त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारायच्या.

“अगं, दुसरी इतकी नावं आहेत,” मी म्हटलं.

“सुचत नाहीत, आई. दुसरं कुठलंही नाव मनात आलं की वाटतं, मी त्याला घराबाहेर काढतेय.” ती शेंगा मोडतच बोलत होती. “त्याचं काहीच नाहीये ना आपल्याकडे. फोटो नाही, कागदावर नाव नाही. मला फक्त ते नाव घरात ऐकायचंय.”

मी उठून कुकर लावायला गेले.

संध्याकाळी मी मुलाला गाठलं. तो म्हणाला, “तू तिला काही बोलू नकोस, आई. डॉक्टर म्हणालेत, टेन्शन द्यायचं नाही.”

“मग तू बोल.”

“मी काय बोलणार यार. तिला हवंय तर ठेवू दे ना. नावाने काय होतंय?”

पण हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यालाही भीती वाटत होती, एवढं मला आईला कळतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सून बाथरूममध्ये गेली की कडी निघेपर्यंत मी जागची हलायचे नाही. ती नुसती “आई” म्हणाली तरी मी हातातलं टाकून उठायचे. आणि दिवसभर समोर ती वही. मी तोवर दुसऱ्या गावाच्या नोंदी काढायला घेतल्या होत्या, पण गाव कुठलंही असो, दफनाची पानं सारखीच. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, अमक्याचं तान्हं. तीस वर्षं मला असल्या नोंदींचं काही वाटलं नव्हतं. आता एकेका ओळीपाशी मी थांबायचे आणि आतल्या खोलीची चाहूल घ्यायचे.

मग टीम लीडरचा फोन आला. “मावशी, तुमचा तो रिपोर्ट मी परत पाठवलाय. पुढची पानं बघितलीत का?”

“कशाला? मुलगा गेला ना.”

ती हसली. “अहो, त्या काळी ते लोक तेच नाव परत ठेवायचे. पहिला गेला की पुढच्याला तेच. आपल्याकडची सगळी नवीन माणसं इथेच फसतात. मीपण फसले होते. इंग्लंडातला कुणी असता तर त्याने आधी पुढचं पान उलटलं असतं.”

मला ते खरंच वाटेना. मी लगेच पहिल्या गावाची वही उघडली. दोन वर्षं पुढे गेले. होता. तोच सुतार, तेच नाव, नवा बाप्तिस्मा. मग मी दफनाच्या पानांवर गेले, आणि या वेळी सवयीने नाही, भीत भीत गेले.

चार वर्षांनी तो दुसराही तिथे होता. त्या उन्हाळ्यात गावात कसलीशी साथ आली असावी. एरवी वर्षाला आठदहा नोंदी असायच्या, तिथे एका महिन्यात दोन पानं भरली होती. एकाच आडनावाची माणसं एकाखाली एक. मध्येच अक्षर बदललं. आधीचं अक्षर बारीक, नेटकं होतं, पुढचं मोठं आणि घाईचं. तसं का झालं ते दहा ओळी खाली कळलं. तिथे त्या पाद्र्याचीच नोंद होती.

आणि सव्वा वर्षाने, बाप्तिस्म्याच्या पानावर, तिसरा. तेच नाव. मी दफनाची पुढची तीस वर्षं ओळ न ओळ वाचली, दोन दिवस लागले. तिसरा कुठेच नव्हता. तो त्या गावात मेला नाही, कारण तो त्या गावात राहिलाच नाही. तो जहाजात बसून निघून गेला होता. बाईंचा पूर्वज सापडला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या सुताराच्या बायकोचा राग आला. वहीत तिचं नावही नव्हतं, तेव्हा बापाचंच लिहायचे. दोनदा जे नाव मातीत घातलं ते तिसऱ्यांदा घ्यायला तिची जीभ कशी रेटली? मला ती बाई निर्दय वाटली आणि थोडी वेडीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला माझ्या कामाची गंमत वाटायची. कुणाचा बाप कसाई निघाला, कुणाची दोन लग्नं निघाली, असलं काही मी तिला सांगायचे. “सापडला का तुमचा अमेरिकावाला?” तिने विचारलं.

मी ठरवून काही केलं असं म्हणणार नाही, पण करताना मला कळत होतं. मी आधी पहिला बाप्तिस्मा दाखवला. मग पहिलं दफन. मग मी म्हटलं, “आणि पुढच्या मुलाला त्यांनी तेच नाव ठेवलं.”

तिचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. “खरंच? ठेवतात तसं?”

“ठेवलं. हे बघ.” मी दुसरा बाप्तिस्मा दाखवला. ती स्क्रीनवर वाकली आणि त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. आणि मग मी साथीचं पान उघडलं. त्या ओळीखाली बोट धरलं. “चार वर्षांचा होता.”

बाहेर पायलिंगचा आवाज चालूच होता. तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. मग विचारलं, “आणि मग?”

“मग काही नाही. हे घर आपलं नव्हेच. आता दुसरं गाव बघायला लागणार,” मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. एका गरोदर बाईला, जिला टेन्शन द्यायचं नव्हतं, मी दोन मेलेली मुलं दाखवली आणि जगलेला लपवला, आणि मला हायसं वाटलं. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी सातला, त्यांच्या सकाळच्या वेळेला, मी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बेडरूमचं दार लोटून घेतलं. तिन्ही मुलांची हकिगत सांगितली. बाई बराच वेळ चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मग हसून म्हणाल्या, ती आई फार हट्टी असणार, मी तिच्यावरच गेलेय. मी हो म्हटलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर नातवंडांचे, पणतवंडांचे फोटो लावलेले होते, ओळीने, किती ते मोजता येऊ नयेत इतके.

त्यानंतर दोनच दिवसांनी सून मला म्हणाली, “आई, नाव तुम्हीच सुचवा.” मी विचारलं नाही, का. मी पटकन सुचवलं. साधं, दोन अक्षरी, आमच्या नात्यागोत्यात कुणाचं नाही, कुणी त्या नावाचं गेलेलं नाही. ती म्हणाली, “चांगलं आहे.”

मुलगा झाला. दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, सिझेरियन, मुलुंडलाच. रडला जोरात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घेतली आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, ते काही लपवतायत का ते शोधत. मलाच लपवायची सवय लागली होती, म्हणून इतरांचाही संशय यायचा.

नववा दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळपासून त्याच्या शेजारून उठले नाही. छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. कामवालीला दारातूनच परत पाठवलं. दुपारी सून म्हणाली, “आई, जेवून घ्या. मी बसते त्याच्यापाशी.” मी म्हटलं, भूक नाही. ती उठली. ताट वाढून माझ्यासमोर आणून ठेवलं आणि माझं जेवून होईपर्यंत तिथेच बसली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. माझ्या नणंदेने कानात नाव सांगितलं. मी सुचवलेलं. सगळे म्हणाले, किती छान नाव. मला वाटलं होतं, आता सुटले. पण भीती काही गेली नाही. त्याला शिंक आली तरी मी स्वयंपाकघरातून धावत यायचे. त्याचे महिने मी बोटांवर मोजत होते, आणि सातवा जवळ यायला लागला तशी मला जेवण जाईना. सात महिन्यांचा तो पहिला. चारशे वर्षांपूर्वीचा, परक्या देशातला, आमचा कुणी नव्हे तो. आणि नाव तर मी बदललेलं होतं. तरीही.

सातव्या महिन्यात त्याला ताप आला. एकशे दोन. साधा व्हायरल असणार, सगळीकडे चालू आहे, मुलगा फोनवर म्हणाला. आम्ही दोघी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात आमच्या आधी चारपाच मुलं होती. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, त्याचा ताप माझ्या साडीतून मला जाणवत होता. मला राहवेना.

“मी तुला खोटं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “त्या सुताराला तिसरा मुलगा होता. त्यालाही तेच नाव ठेवलं होतं. तो जगला. तोच अमेरिकेला गेला.”

सून पिशवीतून थर्मामीटर काढत होती. तिने ते काढलं, पुसलं. “माहीत आहे, आई.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. तुम्ही दार लोटून त्या बाईंना सांगत होता ना, ते ऐकू येत होतं. पण मला त्याच्या आधीच वाटलं होतं. त्या घरातलं कुणीच जगलं नसतं तर तुम्ही इतके दिवस त्याच घराच्या वहीत का बसला असता?”

मी म्हटलं, “मग नाव का सोडलंस?”

तिने बाळाचं टोपरं सारखं केलं. “तुम्ही त्याला दिवसातून शंभरदा हाक मारणार होता. प्रत्येक वेळी घाबरत. त्या दिवशी तुम्ही त्या ओळीवर बोट धरलं होतं ना, ते थरथरत होतं. मला माझ्या मोठ्याचं नाव तसं ऐकायचं नव्हतं.”

मला रडू आलं. दवाखान्यात माणसं होती म्हणून मी पदर तोंडाला लावला. ती माझ्या दंडावर हात ठेवून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग ती हळूच म्हणाली, “एकदा घ्या ना, आई. आता कुणाला ठेवायचं नाहीये. नुसतं एकदा घ्या. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

मी बाळाकडे बघितलं. त्याचे ओठ तापाने सुकले होते. मी तोंड उघडलं. ती वाट बघत होती, आणि मी काहीच बोलले नाही.

आतून बाळाच्या नावाचा पुकारा झाला. तिने त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि आत गेली. दार लागलं. आमच्या आधीची सगळी दाखवून गेली होती, बाहेर मी एकटीच उरले होते, आता कुणी ऐकणारं नव्हतं. तरी मला ते नाव घेता आलं नाही, कारण दाराच्या पलीकडे बाळ होतं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ते नाव मी अजून घेतलेलं नाही.